रिकव्हरीचं सामान: गाडीत कसं न्यायचं, घरी कसं ठेवायचं (सातारा-सांगलीकडच्या नवीन फोर बाय फोरवाल्यांसाठी)

आपल्याकडे आता थार, जिम्नी, गुरखा गल्लोगल्ली झाल्यात आणि गाडी आली की महिन्याभरात रिकव्हरी किट, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायचं सामान पण येतंच, ओढायचा पट्टा, दोन शॅकल (पट्टा गाडीला जोडायच्या पिनवाल्या कड्या), हातमोजे, झालं. पण किट ज्या पिशवीत आलं त्याच पिशवीत डिकीच्या तळाला जातं आणि त्याच्यावर चटई, पोरांची बॅट, पाण्याचा कॅन, गावाकडनं आणलेलं तांदळाचं पोतं असा थर चढत जातो. मग पावसाळ्यात कुठल्यातरी पाणंदीत गाडी बसते आणि माणूस भर पावसात सगळी डिकी चिखलात उतरवत बसतो. असं बऱ्याच जणांचं होताना बघितलंय म्हणून हे सविस्तर लिहितोय. गाडी ओढायची कशी हा इथला विषय नाही, ते जाणत्या माणसासोबत मोकळ्या रानात उभं राहून शिका. इथं फक्त सामान ठेवायचं कसं आणि न्यायचं कसं एवढंच बघू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

सामान आकाराप्रमाणे लावायचं नाही, गाडी रुतल्यावर ते ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने लावायचं. सगळ्यात आधी हातमोजे आणि बॅटरी (टॉर्च) लागते, मग फावडं, मग टायरची हवा सोडायचं डिफ्लेटर, मग ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली पकडीला घालायच्या फळ्या), आणि एवढं करून गाडी निघाली नाही तरच पट्टा आणि शॅकल. जॅक, विंचचं (गाडीवर बसवलेलं, दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र) सामान त्याच्याही नंतर. कॉम्प्रेसर तर सगळ्यात शेवटी, गाडी डांबरीला लागल्यावर. म्हणजे कॉम्प्रेसर खाली किंवा आत गेला तरी चालतो पण फावडं आत गेलेलं चालत नाही. नव्वद टक्के डिक्यांमध्ये नेमकं उलटं असतं, कारण कॉम्प्रेसरचा वापर घरीपण होतो म्हणून तो वर आणि फावडं सगळ्यात तळाला.

आपल्या भागात याला अजून एक कारण आहे. वाळवा, मिरज, कराडकडं काळ्या रानात गाडी बसली की पाच मिनिटात कोणतरी ट्रॅक्टर घेऊन हजर होतोच, माणसं मदतीला अजिबात मागं हटत नाहीत. पण त्याच्याकडं असते साखळी नाहीतर वायररोप, आणि तुमचा पट्टा अजून सामानाखालीच असला तर तो बिचारा दिसेल तिथं साखळी अडकवणार, बंपरला, टाय रॉडला (चाकं वळवणाऱ्या दांड्याला), कुठंही. "दादा, सोडा ओ ते, ही साखळी लावा, दोन मिनिटात काढतो" म्हटल्यावर नाही म्हणायला पण जीभ रेटत नाही. तेव्हा तुमचा पट्टा आणि शॅकल हातात तयार पाहिजेत, म्हणजे "मामा जरा थांबा, हा पट्टा आहे, गाडीला हुक इथं आहे, इथंच लावूया" असं सांगता येतं आणि समोरचा ऐकतोही. साखळीला ताण सोसत नाही असं नाही, पण झटका बसला की ती अजिबात ताणली जात नाही, सगळा झटका हुकावर आणि चासीवर येतो, आणि कडी तुटली तर ती कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

पहिली पायरी: सगळं अंगणात काढा आणि वेगळं करा

ताडपत्री अंथरा, त्याच्यावर सगळं मांडा आणि चार ढीग करा. कापडी आणि दोरीचं एक (पट्टे, कायनेटिक रोप म्हणजे ताणणारी दोरी, सॉफ्ट शॅकल म्हणजे दोरीचं शॅकल, झाडाला गुंडाळायचा पट्टा), लोखंडी दुसरं (डी शॅकल, स्नॅच ब्लॉक म्हणजे विंचच्या दोरीची कप्पी, जॅक, गाडीसोबत आलेला स्क्रूचा टोचन हुक असेल तर तो पण), माती लागणारं तिसरं (फावडं, बोर्ड), आणि हवेचं चौथं (डिफ्लेटर, हवा मोजायचं गेज, कॉम्प्रेसर, पंक्चर किट).

हे ढीग एकत्र करायचे नाहीत, हाच मुख्य मुद्दा. लोखंडी शॅकल आणि नायलॉनचा पट्टा एका पिशवीत टाकला की खराब रस्त्यावर शॅकलची पिन पट्ट्यावर घासत राहते, वरून काय दिसत नाही पण धागे तुटत जातात. आणि फावड्याला लागलेली माती पट्ट्यात गेली की ती बारीक खडी पट्ट्याच्या आतल्या धाग्यांना आतूनच कापते, दर वेळी ताण आला की थोडं थोडं.

ढीग लावतानाच प्रत्येक वस्तूवरचा शिक्का वाचा. डी शॅकलवर ४.७५ टन असं उठवलेलं असतं, ते त्याचं रोजचं सुरक्षित वजन. ज्याच्यावर काहीच उठवलेलं नाही असलं शॅकल हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं असेल तर ते रिकव्हरीच्या पिशवीत नको, ते विहिरीच्या मोटरला वापरा. पट्ट्याच्या लेबलवर तुटायची ताकद लिहिलेली असते, ती ओढणारी आणि रुतलेली या दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी असा साधा हिशोब. त्यापेक्षा लई जाड पट्टा घेतला की तो ताणलाच जात नाही. टोचनचा साधा पॉलिस्टरचा पट्टा आणि ताणणारा नायलॉनचा स्नॅच पट्टा दिसायला सारखेच असतात, स्नॅच पट्टा वीस टक्क्यांच्या आसपास ताणला जातो आणि टोचनचा जवळजवळ नाहीच. गडबडीत अदलाबदल होऊ नये म्हणून दोन वेगळ्या रंगाच्या पिशव्या ठेवा आणि वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरी पायरी: पिशव्या

भारी बॅगेची काही गरज नाही. आपल्या जिल्ह्यात फौजेतनं रिटायर झालेली माणसं भरपूर, कुणाच्या तरी घरी कॅनव्हासची किट बॅग पडलेली असतेच, ती मागून घ्या, त्याच्यापेक्षा चांगलं काय नाही. नसेल तर ताडपत्री शिवणाऱ्याकडून किंवा सीट कव्हरवाल्याकडून जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घ्या, तळाला दोन पितळी आयलेट मारायला सांगा म्हणजे पाणी निथळतं आणि हवा खेळते. प्लॅस्टिकची झिपवाली बॅग पट्ट्यासाठी नको, आत दमट राहिलं की चार दिवसात बुरशी.

शॅकल प्रत्येकी एक किलोच्या आसपास असतं, ते नुसतं टाकलं तर वाजतं आणि बाकीच्याला ठोकतं. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा नाहीतर जाड सॉक्स घालून ठेवा, पिन लावूनच ठेवा आणि ज्याची त्याची पिन त्यालाच, अदलाबदल नको, आटे वेगळे असू शकतात. पिन घट्ट आवळून पाव आटा मागे घ्यायची सवय आत्ताच लावा, नायतर ताण आल्यावर ती अशी बसते की पान्याने पण निघत नाही. शॅकल आणि स्नॅच ब्लॉकला भडक नारंगी नाहीतर पिवळ्या रंगाची पट्टी ओढा. काळ्या चिखलात पडलेलं काळं शॅकल पायानं चाचपून शोधायला लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक लहान "पहिली पिशवी" वेगळी करा. त्यात फक्त हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, डिफ्लेटर, गेज, दोन सॉफ्ट शॅकल, एक पट्टा आणि एक मोठं जाड फडकं. फावडं दांडा निघणारं असलं तर त्याच पिशवीला बांधून टाका. ही पिशवी डिकीत जाणार नाही. का ते पुढं.

तिसरी पायरी: गाडीत जागा ठरवणं

थार, जिम्नी, गुरखा, या तिन्हीचं मागचं दार बाजूला उघडतं. आता विचार करा, गाडीचं ढुंगण चरीत बसलंय, मागं बांध आहे, दार अर्धं पण उघडत नाही. थारला वरची काच वेगळी उघडते पण त्याच्यातनं १२-१३ किलोचा फार्म जॅक (उंच दांड्याचा जॅक) ओढून काढायचा म्हणजे कमरेचं काम. म्हणून पहिली पिशवी पुढच्या सीटच्या मागे, मागं बसणाऱ्याच्या पायाजवळ, डावीकडे. डावीकडे अशासाठी की आपल्याकडं गाडी बाजूला घेताना डाव्या अंगालाच घेतात, रहदारीच्या बाजूनं दार उघडून सामान काढायचं म्हणजे यवतेश्वरच्या घाटात शनिवार-रविवारी जीवावरचं काम आहे. पण डावी बाजूच चरीत असेल तर? तेव्हा सीट पुढं करून उजवीकडनं पण हात पोचतो, तेवढं बसवताना करून बघा.

जड सामान खाली आणि शक्य तेवढं पुढं, म्हणजे मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. मागच्या दाराजवळ जड सामान ठेवलं की चढाला पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगला पकड राहत नाही, हे ठोसेघर-चाळकेवाडीच्या वरच्या खडकाळ वाटांवर लगेच जाणवतं.

आता बांधणं. ह्याच्यावर जरा जास्त बोलतो कारण इथंच सगळे ढिलाई करतात. ताशी ५० च्या वेगात गाडी समोर धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे एक किलोचं शॅकल वीस किलोच्या जोरानं पुढं येणार आणि १२-१३ किलोचा फार्म जॅक अडीचशे किलोच्या. मागं पोरं बसलेली असतात. म्हणून जॅक, शॅकलची पिशवी, कॉम्प्रेसर, हे सगळं गाडीच्या फरशीतल्या लोखंडी कड्यांना रॅचेट पट्ट्यानं आवळायचं. रबरी बंजी ताणली जाते, ती चटई आणि जॅकेटला ठीक, जड वस्तूला नाही. कड्या नसतील तर चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चासीला बोल्टनं बसवून घ्या, नुसत्या पत्र्यात स्क्रू मारलेली कडी धडकेत पत्र्यासकट उपटते. पट्टा आवळल्यावर वस्तू हातानं जोरात हलवून बघा, गाडी हलली पाहिजे, वस्तू नाही. आणि घरातनं निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासानं एकदा परत आवळा, कापडी सामान दबून बसतं आणि पट्टा ढिला पडतो.

फार्म जॅक घेताना आधी खात्री करा की तुमच्या गाडीला तो लावायला जागा तरी आहे का, कंपनीच्या प्लॅस्टिक बंपरला तो कुठं लावणार? लावायला जागा नसेल तर ते वजन घरी राहू दे. माझं स्वतःचं मत विचाराल तर नवीन माणसाने पहिल्या वर्षात फार्म जॅक घेऊच नये, फावडं आणि दोन चांगले बोर्ड त्याच्यापेक्षा जास्त वेळा गाडी काढतात.

अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी रिकव्हरीच्या सामानात मिसळायची नाही, दोन्ही ड्रायव्हरच्या हाताला येतील अशी वेगळी. पेट्रोल-डिझेलचा कॅन पट्ट्यांजवळ अजिबात नको. कॉम्प्रेसर वापरल्यावर चटका बसेल इतका तापतो, गार झाल्याशिवाय आत टाकू नका आणि पट्ट्यावर तर कधीच नाही, सॉफ्ट शॅकलची दोरी साधारण दीडशे डिग्रीच्या आतच वितळते.

टपावर आणि बाहेर काय लावायचं

बोर्ड बाहेर लावले तर चालतात, चिखल आत येत नाही हा मोठा फायदा. पण टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात बघा, त्यात कॅरियरचं स्वतःचं वजन पण धरायचं असतं हे बरेच जण विसरतात. पट्टे, दोऱ्या बाहेर लावून फिरणं म्हणजे फोटोपुरतं ठीक, उन्हानं नायलॉन कमजोर होतं आणि माण, जत, आटपाडीचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. बामणोली, तापोळ्याकडच्या अरुंद वाटांवर करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूनं घासतात, त्यामुळं बाजूला लावलेलं फावडं आधी जातं. शहरात गाडी रात्री बाहेर उभी राहत असेल तर बोर्डाला कुलूप घाला.

बंपरवर मोठा लोखंडी क्रॅश गार्ड लावून त्याच्यात विंच बसवायचा विचार असेल तर आधी नियम बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलेलं आहे. विंच असेल त्यांनी एवढं करा: रिमोट आत, कोरड्या डब्यात; दोरी सिंथेटिक असेल तर तिला कापडी कव्हर, आणि गुंडाळताना थोडा ताण ठेवून, ओळीनं. ढिली गुंडाळलेली दोरी पुढच्या ओढीला खालच्या थरात घुसते आणि तिथंच अडकते.

चौथी पायरी: परत आल्यावर

कितीही दमलात तरी ओला पट्टा पिशवीत घालून ठेवायचा नाही. सकाळी करतो म्हणून ठेवला की आठवडा जातो.

मोठ्या टबात नाहीतर घमेल्यात साधं पाणी घ्या, पट्टा बुडवून अर्धा तास ठेवा, मग हातानं पाण्यातच वाकवत-दाबत न्या. काळ्या रानातून आलेला पट्टा असेल तर पहिलं पाणी शाईसारखं निघतं, दुसरं राखाडी, आणि तळाला बोटाला कचकच लागेल अशी बारीक रेती साठते. ती रेती लागायची बंद होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. लई मळ असेल तर अंगाच्या साबणाचं हलकं पाणी चालेल, ब्लीच, कपड्याचा सोडा, ॲसिड काही नको. प्रेशर वॉशर पण नको, गाडी धुताना सोबत मारून घेऊ असं वाटतं पण तो जोर रेतीला धाग्यांच्या आत ढकलतो.

वाळवायचा सावलीत, जाड बांबूवर नाहीतर जिन्याच्या गोल कठड्यावर, खिळ्यावर नाही. पाटण, महाबळेश्वरकडं जुलैमध्ये दोन-दोन आठवडे काही वाळत नाही, तिथं पंख्याखाली पसरून ठेवा. चुलीजवळ, हीटरजवळ नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माणात पाचशेच्या आसपास, त्यामुळं एकाच जिल्ह्यात एकाला बुरशीचा त्रास आणि दुसऱ्याला उन्हाचा. ओल्या नायलॉनची ताकद पण दहा-पंधरा टक्के तरी कमी होते, म्हणजे वाळवणं हे फक्त वासासाठी नाही.

वाळल्यावर पूर्ण पट्टा बोटांच्या चिमटीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्या, डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. कडेला काप, कडक झालेला किंवा चकाकणारा भाग (तो वितळलेला असतो), टोकाच्या फाश्याची उसवलेली शिवण, यातलं काही लागलं तर पट्टा बाद. बाद पट्टा शेजाऱ्याला ट्रॅक्टरला देऊ नका, त्याला काय माहीत तो बाद आहे ते. तीन-तीन फुटाचे तुकडे करून टाका, दोरी खडकावर घासते तिथं खाली घालायला ते कामाला येतात.

लोखंडी सामान धुवून, पुसून, शॅकलच्या आट्यांना तेलाचं बोट. फार्म जॅकची वर-खाली होणारी पिन चिखलानं अडकली की तो भरवशाचा राहत नाही, ती ब्रशनं साफ करून हलकं तेल द्या आणि मोकळा वर-खाली करून बघा.

घरी ठेवताना

शेतघरात किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवत असाल तर तिथं आधीच युरिया, फवारणीची औषधं, ट्रॅक्टरची बॅटरी, डिझेलचा ड्रम असतो. बॅटरीच्या ॲसिडचा थेंब नायलॉनला खातो आणि वरून नुसता फिकट डाग दिसतो. त्या खोलीत पट्टा नकोच.

दुसरा शत्रू उंदीर. ऊस तुटून गेला की रानातले उंदीर घराकडं सरकतात हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, गळीत हंगामात घरात ठेवलेला पट्टा आणि विंचच्या वायरी दोन्ही सांभाळायला लागतात. जुनी पत्र्याची ट्रंक घ्या, दोन्ही बाजूला ड्रिलनं बारीक भोकं पाडा, आतून जाळी लावा, आणि जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा. पट्टा आत ठेवताना आवळून घडी घालायची नाही, सैल आठाच्या आकड्यात, आणि गाठ तर कधीच नाही. वरून काही जड ठेवू नका.

ट्रंकेच्या झाकणाच्या आत सामानाची यादी चिकटवा, तीच यादी लॅमिनेट करून गाडीच्या सनवायझरला. रानात काम झालं की सगळं ताडपत्रीवर परत मांडून यादीशी जुळवायचं आणि मगच गाडी हलवायची, शॅकलच्या पिना आणि डिफ्लेटर याच वेळी हरवतात. आणि हो, कास पठारावर, कोयना-चांदोलीच्या जंगलात गाडी वाटेबाहेर घालायची नाही म्हणजे नाही, कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि कोयना-चांदोली २०१० पासून व्याघ्र प्रकल्प, सरावाला ओसाड माळ आणि ओळखीच्याचं पडीक रान भरपूर आहे, मालकाला विचारून जा.

तिथं गेलात की गाडी मुद्दाम उताराला, मागचं दार बांधाला लावून उभी करा आणि सोबतच्या माणसाला, बायकोला, पोराला सांगा की फावडं, हातमोजे आणि पट्टा काढून दाखव. त्यांना न विचारता मिळालं तर जागा बरोबर आहेत. नाही मिळालं तर तिथंच बसून परत लावा, आणि वळीव पडायच्या आत एकदा अंधार पडल्यावर पण करून बघा.